कोडॅकचे जनक जॉर्ज ईस्टमन : पहिल्या गिऱ्हाइकाचे नुकसान कोणी सोसायचे?



नवीन डिजिटल कॅमेरा किंवा नवीन मोबाईल बाजारात आला की घरात दोन मतं पडतात. एक जण म्हणतो, लगेच घेऊन टाकू. दुसरा म्हणतो, जरा थांबा, पहिल्या मालात काहीतरी खोट निघतेच, सहा महिन्यांनी घेऊ. गंमत बघा, दोघांनाही एक गोष्ट मान्य असते. नव्या वस्तूत दोष असणार! मग प्रश्न उरतो तो असा, की हा दोष निघाल्यावर नुकसान कोणी सोसायचे? ज्याने हौसेने पहिल्यांदा पैसे मोजले त्याने, की ज्याने वस्तू बनवली त्याने?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आज आपण एका माणसाचे चरित्र पाहणार आहोत. सर्वसामान्य माणसाच्या हातात कॅमेरा देणारे, कोडॅक कंपनीचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन. आपल्याकडे ज्यांनी लग्नाकार्यातले फोटो काढून रोल धुवायला टाकला आहे, त्या प्रत्येकाने त्यांचे काम अनुभवले आहे. पण त्यांच्या यशापेक्षा त्यांच्या फसलेल्या मालाची गोष्ट मला मुलांना सांगण्यासारखी वाटते.

जन्म आणि बालपण

जॉर्ज ईस्टमन यांचा जन्म १२ जुलै १८५४ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात वॉटरव्हिल या छोट्या गावी झाला. वडील रोचेस्टर शहरात व्यापारी शिक्षण देणारी शाळा चालवत. पुढे सगळे कुटुंब रोचेस्टरला राहायला गेले. पण जॉर्ज अवघा सात वर्षांचा असताना १८६२ मध्ये वडील वारले. घरात आई मारिया, दोन बहिणी आणि जॉर्ज. एका बहिणीला पोलिओ झालेला. आईने घरात पैसे देऊन राहणारे पाहुणे ठेवले, त्यांचा स्वयंपाक-पाणी केला आणि संसार ओढला.

आईचे हे कष्ट जॉर्ज रोज बघत होता. चौदाव्या वर्षीच त्याने शाळा सोडली आणि एका विमा कचेरीत निरोप्या म्हणून नोकरी धरली. पगार आठवड्याला ३ डॉलर. कामावरून आल्यावर तो घरी हिशेब शिकायचा. १८७४ मध्ये त्याला रोचेस्टर सेव्हिंग्ज बँकेत कारकुनाची नोकरी मिळाली आणि पगार आठवड्याला १५ डॉलरच्या आसपास गेला. गरिबीतून वर आलेल्या मुलाला याहून काय हवे? पण गोष्ट इथे थांबली नाही.

एक सहल, जी कधी झालीच नाही

वयाच्या २४ व्या वर्षी ईस्टमन यांनी सुट्टीत कॅरिबियन बेटांवरील सांतो डोमिंगोला जायचे ठरवले. एका सहकाऱ्याने सुचवले की प्रवासाचे फोटो काढून आण. त्यांनी फोटोग्राफीचे सगळे सामान विकत घेतले. आता हे सामान म्हणजे काय, ते मुलांना जरूर सांगा. मोठ्या खोक्याएवढा कॅमेरा, तो ठेवायला जड तिवई, काचेच्या तावदानांसारख्या पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचे भांडे आणि अंधार करायला चक्क एक तंबू!

तेव्हा ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर चिकट द्रावण पसरायचे, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत अंधारात धुवायची. काच वाळली की फोटो गेला. हे शिकायला ईस्टमन यांनी ५ डॉलर शिकवणी भरली.

सहलीला ते गेलेच नाहीत. पण डोक्यात विचार पक्का बसला की फोटो काढणे इतके अवघड असायचे कारण नाही. इंग्लंडमधल्या फोटोग्राफीच्या मासिकांतून त्यांनी वाचले की तिकडे जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या काचा बनू लागल्या आहेत. झाले! दिवसा बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग. कित्येकदा ते चुलीशेजारी जमिनीवरच झोपी जात.

काचेवर सारखा लेप देणारे यंत्र त्यांनी तयार केले, १८७९ मध्ये लंडनला जाऊन त्याचे पेटंट घेतले आणि १८८० मध्ये रोचेस्टरमध्ये एका इमारतीचा मजला भाड्याने घेऊन कोरड्या काचा विकायला सुरुवात केली. १ जानेवारी १८८१ रोजी हेन्री स्ट्राँग हे भागीदार मिळाले. हे गृहस्थ घोडागाडीचे चाबूक बनवणारे कारखानदार होते आणि ईस्टमन यांच्याच घरी राहिलेले होते. बँकेत हक्काची बढती दुसऱ्याच कोणाला मिळाल्यावर त्याच वर्षी ईस्टमन यांनी नोकरी सोडली.

काचा बिघडल्या!

आता आपण या चरित्राच्या मुख्य भागाकडे आलो.

कोरडी काच ही त्या काळची नवलाई होती. तंबू नको, रसायनांचे ओझे नको. जे फोटोग्राफर जुनी पद्धत सोडून या नव्या काचांकडे वळले, ते एका अर्थाने आजच्या नव्या मॉडेलच्या पहिल्या गिऱ्हाइकांसारखेच होते. त्यांना ठाऊक होते की वस्तू नवी आहे, थोडे कमी-जास्त होणार. पण १८८२ च्या सुमारास तक्रारी यायला लागल्या त्या थोड्या कमी-जास्ताच्या नव्हत्या. काचेवर चित्रच नीट उमटत नव्हते.

विचार करा, फोटोग्राफरने गिऱ्हाइकाला समोर बसवले, फोटो घेतला, पैसे घेतले आणि धुतल्यावर काच कोरी! त्याची त्याच्या गावात काय पत राहणार?

शोध घेतल्यावर एक कारण कळले. काचांवरचा लेप जुना झाला की त्याची प्रकाश टिपण्याची शक्ती कमी होते. व्यापाऱ्यांकडे नवा माल आला की तो जुन्या मालावर रचला जाई आणि वरचा आधी विकला जाई. तळाचा माल पडून पडून निकामी होत असे. आपल्या किराणा दुकानात मागचा पुडा मागेच राहतो ना, अगदी तसे. यात ईस्टमन यांना सहज म्हणता आले असते की ही चूक दुकानदारांची. पण त्यांनी खराब काचा परत घेतल्या आणि त्याबदली चांगल्या काचा द्यायचे ठरवले.

पण चांगल्या काचा आणायच्या कुठून? कारण कारखान्यात बनणारा ताजा लेपही बिघडला होता. तेच सूत्र, तीच यंत्रे, तीच माणसे, आणि तरी काचा निकामी. ईस्टमन यांनी कारखाना बंद केला. दिवसरात्र शेकडो प्रयोग केले. दोष सापडेना. शेवटी ते आणि स्ट्राँग जहाजाने इंग्लंडला गेले आणि तिथल्या मॉसन अँड स्वान या नावाजलेल्या काच-उत्पादकांकडे जाऊन काम शिकून आले. परत आल्यावर उलगडा झाला. दोष सूत्रात नव्हता, बाहेरून आलेल्या जिलेटिनमध्ये होता. पुरवठादाराकडून आलेला माल आधीसारखा नव्हता.

काचा बदलून देण्यात कंपनीकडचा जवळजवळ सगळा पैसा संपला. पुढे ईस्टमन यांचे म्हणणे असे की पैसा गेला, पण नाव राहिले आणि ते जास्त मोलाचे होते. तिथून पुढे एक नियम झाला. कच्चा माल आला की आधी नमुना तपासायचा, मगच वापरायचा.

जिलेटिन का बिघडले असेल, याचे खरे विज्ञान त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी कळले. कोडॅकच्याच प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ सॅम्युअल शेपर्ड यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले की जिलेटिनमध्ये गंधकयुक्त पदार्थ अगदी किंचित असतील तर लेपाची प्रकाश टिपण्याची शक्ती वाढते. जिलेटिन बनते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून. जनावराने मोहरीसारख्या वनस्पती खाल्ल्या असतील तर त्यातला गंधकाचा अंश जिलेटिनमध्ये उतरतो. म्हणजे गाईने कुरणात काय खाल्ले, यावर फोटो अवलंबून! विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखे उदाहरण आहे हे.

कोडॅक : दोष ओळखून बनवलेला कॅमेरा

काच जड आणि फुटणारी. म्हणून ईस्टमन कागदाच्या गुंडाळीकडे वळले. पण कागदाचे तंतू फोटोत दिसायचे. मग त्यांनी असा कागद काढला की ज्यावरचा चित्राचा पापुद्रा गरम पाण्यात सोडवून घेता येई. हे काम फार नाजूक, हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचे. १८८६ च्या सुमारास एक हातातला कॅमेराही त्यांनी बनवून पाहिला, पण तो महाग आणि किचकट निघाला. थोडेच नग बनवून तो नाद त्यांनी सोडून दिला.

१८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा आला. कोडॅक हा शब्द ईस्टमन यांनी स्वतः घडवला. त्याला अर्थ काहीच नाही. छोटा, कुठल्याही भाषेत सहज उच्चारता येणारा, एवढाच हेतू. किंमत २५ डॉलर. बँकेतल्या त्या कारकुनाचा दीड आठवड्याहून जास्त पगार! आत १०० फोटोंची गुंडाळी आधीच भरलेली. फोटो संपले की अख्खा कॅमेरा रोचेस्टरला पाठवायचा. तिथे १० डॉलरमध्ये गुंडाळी धुऊन, फोटो छापून, नवी गुंडाळी भरून कॅमेरा परत येई. पापुद्रा सोडवण्याचे अवघड काम कंपनीने स्वतःकडे घेतले. गिऱ्हाइकाने फक्त दोरी ओढायची, बटण दाबायचे आणि चावी फिरवायची.

या कॅमेऱ्यात उणिवा होत्याच. नेम धरायला काच नव्हती, वरच्या बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन रेषा होत्या, त्यांच्या अंदाजाने धरायचा. भिंगातून कडेचे चित्र स्पष्ट येत नसे. त्यावर उपाय म्हणून फोटो गोल ठेवला, सुमारे अडीच इंच व्यासाचा. कोपरेच नाहीत, म्हणजे कोपऱ्यातला धूसरपणाही नाही. शिवाय कॅमेरा जरा तिरका धरला गेला तरी गोल फोटोत ते जाणवत नाही. शटरही महाग आणि किचकट होते, ते पुढच्याच वर्षीच्या मॉडेलमध्ये साधे केले.

इथे एक फरक मुलांच्या लक्षात आणून द्या. गोल फोटो ही मर्यादा होती, पण ती उघड होती. घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून दिसत होती. बिघडलेली काच हा लपलेला दोष होता. पैसे देणाऱ्याला तो फोटो गेल्यावरच कळायचा. नवी वस्तू घेणारा पहिली गोष्ट चालवून घेतो, दुसरी नाही. आणि त्याने ती चालवून घ्यावी अशी अपेक्षाही करू नये.

पारदर्शक फिल्म आणि एक डाग

१८८९ मध्ये कंपनीचे रसायनतज्ज्ञ हेन्री रायकेनबाख यांच्या कामातून पारदर्शक, लवचीक फिल्म बाजारात आली. याच फिल्मच्या गुंडाळ्या एडिसन यांच्या प्रयोगशाळेने चलच्चित्रासाठी मागवल्या. पुढे दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला, तोही अशाच लवचीक फिल्मच्या जोरावर.

पण ही फिल्मही सुरुवातीला निर्दोष नव्हती. फिल्मवर स्थिर विजेची ठिणगी पडून झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा उमटायच्या, ठिपके पडायचे, ती वळकटीसारखी गुंडाळून जायची. एकेक दोष काढायला वर्षे लागली. न वळणारी फिल्म यायला १९०३ उजाडले. ही फिल्म चटकन पेट घेणारीही होती, त्यामुळे न पेटणाऱ्या फिल्मसाठी वेगळे संशोधन करावे लागले.

आणि एक गोष्ट लपवून चालणार नाही. हॅनिबल गुडविन नावाच्या एका पाद्र्यांनी अशा फिल्मच्या पेटंटसाठी १८८७ मध्येच अर्ज केला होता. ते पेटंट त्यांना १८९८ मध्ये मिळाले आणि दोनच वर्षांत ते वारले. पुढे खटला चालला, १९१४ मध्ये निकाल ईस्टमन यांच्या कंपनीविरुद्ध गेला आणि तिला ५० लाख डॉलर भरावे लागले. गिऱ्हाइकाला काच बदलून देणारा माणूस प्रतिस्पर्ध्याशी तितकाच मोठ्या मनाने वागला, असे म्हणता येत नाही. थोरांची चरित्रे सांगताना आपण अशी पाने गाळतो. मला वाटते, गाळू नयेत.

एक डॉलरचा ब्राउनी

१९०० मध्ये ब्राउनी कॅमेरा आला. पुठ्ठ्याचा डबा, साधे भिंग, किंमत फक्त १ डॉलर. सहा फोटोंची फिल्म १५ सेंटला. हा कॅमेरा मुद्दाम लहान मुलांना डोळ्यांसमोर ठेवून विकला गेला. पण पहिल्या मालात खोट निघालीच! मागचे झाकण बुटाच्या खोक्यासारखे नुसते दाबून बसवायचे होते आणि ते नीट बसत नसे. आत उजेड शिरला तर फिल्म वाया जाणार. कंपनीने फार दिवस वाट पाहिली नाही. काही महिन्यांतच बिजागरीचे झाकण असलेला सुधारित ब्राउनी आला. पहिल्याच वर्षी लाखाहून जास्त ब्राउनी विकले गेले.

म्हणजे बघा, अनुभवी, श्रीमंत कंपनीच्या नव्या मालातही दोष राहतो. तो राहणारच. कंपनी किती लवकर ऐकते आणि काय करते, यावर तिची परीक्षा असते.

दानशूर ईस्टमन

ईस्टमन यांनी लग्न केले नाही. आईचा शब्द त्यांच्यासाठी शेवटपर्यंत मोठा होता. १८९९ मध्ये त्यांनी स्वतःच्या मिळकतीतून कामगारांना पैसे वाटले. १९१२ पासून कंपनीच्या नफ्याचा वाटा कामगारांना मिळू लागला. १९१९ मध्ये आपल्या समभागांचा तिसरा हिस्सा त्यांनी कर्मचाऱ्यांना दिला. मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण संस्थेला त्यांनी सुमारे २ कोटी डॉलर दिले, तेही मिस्टर स्मिथ या टोपणनावाने. रोचेस्टर विद्यापीठ, संगीत विद्यालय, कृष्णवर्णीय मुलांसाठीची टस्कगी आणि हॅम्प्टन ही विद्यालये, मुलांचे दवाखाने, सगळीकडे त्यांनी मदत केली. दातांचे दवाखाने तर रोचेस्टरबरोबर लंडन, पॅरिस, रोम, ब्रुसेल्स आणि स्टॉकहोमलाही उभे राहिले.

१९३० मध्ये कंपनीला ५० वर्षे झाली, तेव्हा त्या वर्षी बारा वर्षांच्या होणाऱ्या मुलामुलींना कॅमेरा आणि फिल्म मोफत वाटली गेली. पाच लाखांहून जास्त कॅमेरे वाटले!

शेवटच्या काळात पाठीच्या कण्याच्या आजाराने ते खिळले. चालणे अवघड झाले. १४ मार्च १९३२ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपले आयुष्य संपवले. लहान वर्गांत हे सांगायची गरज नाही. मोठी मुले विचारतील तेव्हा दुखणे आणि एकटेपण असेल तर बोलावे, मदत मागावी, हेही सोबत नक्की सांगावे.

आजच्या कॅमेऱ्यांकडे

जगातला पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेराही कोडॅकमध्येच बनला. १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने तो जुळवला. एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायची. पण फिल्मच्या धंद्यात रमलेली कंपनी डिजिटलमध्ये मागे पडली आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

डिजिटल कॅमेऱ्यांतही जुनीच गोष्ट नव्याने घडते. २००६ मध्ये लायका कंपनीच्या एम-८ या महागड्या कॅमेऱ्यात काही काळे कपडे जांभळट दिसू लागले. कंपनीने घेणाऱ्यांना दोन फिल्टर मोफत दिले. २०१२ मध्ये निकॉनच्या डी-६०० मध्ये फोटोंवर ठिपके येऊ लागले. मोफत दुरुस्तीची पूर्ण हमी यायला २०१४ उजाडले आणि तोपर्यंत सुधारित मॉडेल बाजारात येऊनही गेले होते. पहिल्यांदा पैसे मोजलेल्या माणसाला तेव्हा काय वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको.

आपण यातून काय घ्यायचे?

पालकहो, नवी वस्तू पहिल्या झटक्यात घेणे हा मूर्खपणा नाही. कोणीतरी पहिल्यांदा घेतो म्हणूनच दोष कळतात आणि मागून घेणाऱ्याला चांगला माल मिळतो. पण घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. यात कोणत्या मर्यादा आहेत, त्या आत्ताच सांगा. आणि दोष निघाला तर बदलून कोण देणार, किती दिवसांत? पावती आणि वॉरंटी कार्ड जपून ठेवा.

शिक्षक मित्रांनो, लोकवर्गणीतून शाळेत टॅब, प्रोजेक्टर किंवा स्मार्ट टीव्ही घेतानाही हेच प्रश्न लागू पडतात. तो पैसा गावाचा असतो. वस्तू बिघडून कपाटात पडली तर पुढच्या वेळी गावकरी वर्गणी देताना दहादा विचार करतात.

वर्गात चर्चेसाठी काही प्रश्न :

१. दुकानदारांनी जुना माल तळाशी ठेवला होता. तरी ईस्टमन यांनी काचा बदलून दिल्या. हे बरोबर केले का? का?
२. गोल फोटो आणि बिघडलेली काच, या दोन उणिवांत फरक कोणता?
३. घरातली एखादी वस्तू निवडा. तिच्यातला उघड दिसणारा एक कमीपणा लिहा.
४. गुडविन यांच्या बाबतीत ईस्टमन यांनी काय करायला हवे होते?

पहिल्या प्रश्नावर मुलांना भरपूर बोलू द्या. काही जण म्हणतील, चूक दुकानदाराची, भरपाई त्यानेच द्यावी. त्यांना लगेच खोडून काढू नका. मग फक्त एवढेच विचारा, की ज्या फोटोग्राफरची काच कोरी निघाली, त्याने कोणाच्या नावावर विश्वास ठेवून ती घेतली होती? काचेच्या डब्यावर नाव कोणाचे होते?